स्टिकर काढून नाव घालणारी देवकी

देवकीला पॉवर बँक दाखवणाऱ्या प्रत्येक दुकानदारानं पहिला प्रश्न तोच विचारला, ताई, फोन कोणता आहे? आणि प्रत्येक वेळी देवकीचं डोकं फिरलं. फोनसाठी कोण बाई भर उन्हात नागपुरात बर्डीच्या गर्दीत चकरा मारेल? फोन बंद पडला तर पडला, उलट घटकाभर डोक्याला शांतता. देवकीचा बंद पडत होता तो आवाज.

हे आधी नीट सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हीही त्या दुकानदारांसारखं भलतंच काही दाखवत बसाल. अडीच वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी देवकीचं स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून ती एक मशीन गळ्याला लावून बोलते. छोट्या टॉर्चएवढी मशीन, टोकाला गोल चकती. चकती हनुवटीखाली टेकवायची, बटण दाबायचं, की ती थरथरायला लागते, आणि ओठ-जीभ हलवली की त्या थरथरीचे शब्द होतात. आवाज एकसुरी, भुंग्याचा. त्यात राग उतरत नाही, लाड उतरत नाही, आणि टोमणा तर मुळीच उतरत नाही. देवकीचं तर उभं आयुष्य टोमण्यांवर चाललेलं. तिच्या तोंडी लागायला त्यांच्या महाल वस्तीतली भाजीवालीसुद्धा कचरायची. आता ती म्हणते, भाव नीट लाव, तर भाजीवाली दयेनं कोथिंबिरीची जुडी फुकट देते. त्या जुडीनं देवकीचा संताप आणखी वाढतो.

बोलायची ही एक मशीन झाली. दुसरी मशीन तिच्या कामाची. इतवारीच्या भांडे ओळीत गणपतरावांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, तिथं देवकी बावीस वर्षांपासून भांड्यांवर नावं घालते. डबे, ताटं, पातेली, लग्नाच्या आंदणाचे हंडे. गिऱ्हाईक चिठ्ठीवर नाव लिहून पुढं सरकवतं, देवकी मशीन चालू करते, सुई टरटरते आणि स्टीलवर अक्षर उमटत जातं. तिचं अक्षर असं वळणदार की लोक सावनेरहून भांडी घेऊन येतात आणि म्हणतात, ताईंकडूनच घालून द्या, वेळ लागला तरी चालेल.

या कामाचा एक नियम आहे, आणि तो गणपतरावांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवला. आधी कंपनीचं स्टिकर काढायचं. खालचा चिकटा खोबरेल तेलाच्या बोळ्यानं पुसून टाकायचा. आणि मग अगदी त्याच जागी नाव घालायचं, कारण स्टिकर लावणाऱ्यानं भांड्याची सगळ्यात सपाट जागा आधीच शोधून ठेवलेली असते. बावीस वर्षांत देवकीनं हा नियम मोडला नाही. दुकानात नाही आणि घरातही नाही. तिच्या घरी इस्त्रीवर नाव आहे, मिक्सरवर आहे, गॅसच्या रेग्युलेटरवर आहे. तिचा नवरा दुर्गेश म्हणतो, मी जरा स्वस्थ बसलो तर माझ्या टकलावर घालशील. सपाट जागा आहे, हे देवकीलाही मान्य आहे.

तर झालं असं, की देवकीचा धाकटा भाऊ रजत बंगलोरला असतो, त्याला मुलगी झाली. आई गेली तेव्हा रजत नऊ वर्षांचा होता आणि देवकी एकोणीस. त्याच्या शाळेचे डबे तिनं भरले, तापात त्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं, त्याची पहिली मिशीसुद्धा आधी तिला दिसली. बाळाची सख्खी आत्या म्हणाल तर ती एकटीच. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. हे काही कोणी ठरवावं लागत नाही. सूर्य कुठं उगवतो हे कोणी ठरवतं का?

पण बारसं तीन आठवड्यांवर आलं असताना रजतचा फोन आला. आधी बाळाच्या शी-सूचं झालं, मग बंगलोरच्या हवेचं झालं, आणि मग तो चाचरत म्हणाला की रीनाच्या आईला जरा काळजी वाटून राहिली. रीना म्हणजे त्याची बायको, आणि तिची आई शामलाताई. बाळंतपणाला आल्यापासून त्या घराचा सगळा कारभार त्यांच्याच हातात. त्यांचं म्हणणं, बाळ बारकं आहे, त्याच्या कानाशी मशीन वाजली तर दचकेल, भेदरेल. शिवाय ऐन वेळी मशीन बंद पडली तर चारचौघांत कसं दिसेल. त्यापेक्षा चिन्मयीनं नाव सांगावं. चिन्मयी ही देवकी-रजतची चुलत बहीण, बंगलोरलाच राहते, तीही आत्याच लागते. ताईनं शेजारी उभं राहावं, फोटोत यावं.

फोटोत यावं. देवकीच्या अंगाचा असा तिळपापड झाला की मशीन गळ्यावर नीट टेकेना. शेवटी टेकली.

"मी येऊन राहिली," ती म्हणाली. "नाव मीच सांगीन. चिन्मयीले फोटोत उभी कर."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला खरा, पण शामलाताईंची अर्धी गोष्ट खरी होती आणि तेच तिला खुपत होतं. मशीनची बॅटरी म्हातारी झाली होती. नवी होती तेव्हा दिवसभर बोलली तरी पुरायची. आता जेमतेम तासभर बोलणं, मग दिवा हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल, आणि लाल झाला की कधी मान टाकेल याचा नेम नाही. बॅटरी बदलायची तर मशीन कंपनीकडे पाठवावी लागते, दीड महिना लागतो. तोवर बारसं होऊन बाळ पालथं पडायला लागेल. घरचा चार्जर म्हणजे विटेएवढा ठोकळा, तो प्रवासात न्यायचा नव्हता. म्हणून ठरलं, एक लहानसा चार्जर घ्यायचा आणि वाटेत मशीन भरायला एक पॉवर बँक घ्यायची. आणि इथून तिच्या छळाला सुरुवात झाली.

घरात पहिला छळ दुर्गेशचा. त्यानं मोबाईलवर चार्जरचे व्हिडिओ बघायचा सपाटा लावला. सकाळी चहाला वॅट, दुपारी डबा खाताना फोनवर वॅट, संध्याकाळी भाजी निवडताना वॅट. पासष्टचा घे, नाही शंभरचाच घे, भविष्यात कामी येते. देवकीनं विचारलं, भविष्यात माझ्या गळ्यात काय फ्रीज बसवणार आहेत का? मशीनच्या सपाट आवाजात तो टोमणा काही त्याच्यापर्यंत पोचला नाही. तो गंभीरपणे म्हणाला की फ्रीजला याहून जास्त लागतं.

बर्डीच्या पहिल्या दुकानात तिला पाटीएवढी पॉवर बँक दाखवली. लॅपटॉपपण चालते, म्हणाले. देवकीनं आपली मशीन जोडली. दिवा लागला. अर्ध्या मिनिटात विझला. पुन्हा जोडली, पुन्हा विझला. दुकानदार म्हणाला, तुमची मशीन खराब आहे. आता ही मशीन सकाळी घरी बोलत होती, रस्त्यात रिक्षावाल्याशी भांडली होती, आणि याच्या दुकानाची पायरी चढल्याबरोबर खराब झाली? दुसऱ्या दुकानात त्याहून मोठी जोडून पाहिली. तीही अर्ध्या मिनिटात झोपली. तिसऱ्या दुकानात चार्जर मिळाला आगपेटीएवढा, देवकीला पाहताच आवडला, तर त्याला भोकं सगळी नव्या तऱ्हेची, चपटी-बारीक. देवकीच्या मशीनची वायर वेगळीच. एक टोक जुन्या पद्धतीचं, रुंद, आणि दुसऱ्या टोकाला सुईसारखी गोल पिन. मशीनच्या डब्यात कंपनीनं एकच दिलेली. तशी वायर बाजारात कुठंच मिळत नाही, हे तिला अडीच वर्षांत पक्कं कळलं होतं. दुकानदार म्हणाला, ताई, आजकाल हे कोण वापरतं? देवकीनं मनात म्हटलं, ज्यांचा गळा कापला आहे ते वापरतात. पण बॅटरी वाचवायची म्हणून बोलली नाही.

शेवटी कोणीतरी सांगितलं, जरीपटक्याला वसंतराव म्हणून जुने रेडिओ दुरुस्त करणारे आहेत, त्यांना विचारा. वसंतरावांनी फोन कोणता हे विचारलं नाही. त्यांनी मशीन हातात घेतली, तिच्या मागचे बारीक आकडे भिंग लावून वाचले आणि म्हणाले की मशीन ठीक आहे, तिची भूक लहान आहे. मोठी पॉवर बँक मोठ्या जेवणाऱ्यांसाठी असते. समोरच्यानं घास-घास खाल्लं की तिला वाटतं पंगत उठली, आणि ती भांडी आवरून झोपते. हिला हवी लहान जेवणाऱ्याला बसून वाढणारी. त्यांनी एक लहान, चपटी, धातूच्या अंगाची पॉवर बँक काढली. बटण एकदा दाबलं तर फोनसाठी, दोनदा दाबलं तर लहान वस्तूंसाठी. दोनदा दाबून त्यांनी देवकीची मशीन जोडली आणि तिला स्टुलावर बसवलं. दहा मिनिटं झाली, दिवा तसाच. वीस मिनिटं झाली, तसाच. त्यांच्याकडे चार्जरही सापडला, लहान आणि जुन्या भोकाचा. देवकीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणाच्या तरी पाया पडावंसं वाटलं.

पण म्हाताऱ्या माणसांना थांबवतं कोण? वसंतरावांनी प्रवासाचा उपदेश सुरू केला. विमानात ही हातातल्या पिशवीतच ठेवा, मोठ्या सामानात टाकू नका. जोडताना वायर वाकवू नका. उन्हात ठेवू नका. आणि आणखी एक ध्यानात ठेवा, म्हणून त्यांनी पॉवर बँक उलटी करून तिच्यावरच्या स्टिकरवर बोट ठेवलं, तोच देवकीनं हात जोडले. आठ दिवस जो भेटेल तो तिला काहीतरी ध्यानात ठेवायला सांगत होता. आता तिच्या ध्यानात जागा उरली नव्हती. ती उठली आणि निघाली.

जायच्या आदल्या दिवशी देवकी दुकानात शेवटचं काम म्हणून बाळाची वाटी घेऊन बसली. चांदीची लहान वाटी, स्वतः निवडलेली. बाळाचं नाव रजत-रीनानं तिला मेसेजवर कळवलं होतं आणि तोवर ते त्या तिघांखेरीज कोणालाच माहीत नव्हतं, शामलाताईंनासुद्धा नाही. चांदीवर सुई सरकते, म्हणून तिनं श्वास धरून एकेक अक्षर घातलं. असं अक्षर तिच्या हातून आजवर उतरलं नव्हतं. गणपतरावांनी चष्म्यातून पाहून नुसती मान डोलावली, आणि गणपतरावांची मान म्हणजे सोन्याचं पदक. आता हात बसलेला होता, सुईची मशीन गरम होती, आणि पिशवीत नवी कोरी पॉवर बँक होती. परगावी जायचं, दहा माणसांत वस्तू मिसळायची. देवकीनं ती उलटी केली, स्टिकर नखानं उचकटलं, चिकटा खोबरेल तेलानं पुसला, आणि त्या गुळगुळीत जागेवर घातलं, सौ. देवकी दुर्गेश गिरडकर, महाल, नागपूर. किती छान दिसलं म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गेशनं तिला विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं. त्याला सुटी नव्हती, ती एकटीच जाणार होती. मशीन काठोकाठ भरलेली, दिवा हिरवागार. पॉवर बँक आणि वायर एका लहान पिशवीत, पिशवी हातातल्या पर्समध्ये, वसंतरावांनी सांगितलं तसं. चार्जर मोठ्या बॅगेत. सगळं यथासांग.

तपासणीच्या पट्ट्यावर पर्स आत गेली ती बाहेर बाजूला आली. तिथल्या साहेबांनी पिशवीतून पॉवर बँक काढली, उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली. त्यांनी हिंदीत विचारलं, यावर आकडा कुठं आहे? देवकीनं नावाकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, नाव नको, किती ताकदीची आहे तो आकडा. तो दिसल्याशिवाय विमानात जाऊ देता येत नाही. तेव्हा देवकीला वसंतरावांचं ते स्टिकरवर टेकलेलं बोट आठवलं.

पण चूक आठवली म्हणून गप्प बसेल ती देवकी कसली? तिनं मशीन गळ्याला लावली आणि भांडायला सुरुवात केली. स्टिकर होतं, ते मी काढलं, आमच्याकडे काढतातच. दुकानदाराला फोन लावून देते. बिल आहे, हे पाहा. बिलावर वसंतरावांच्या हातचं लिहिलेलं, पॉवर बँक, नग एक. साहेब माणूस सभ्य होता, त्यानं बिलसुद्धा वाचलं आणि मान हलवली. देवकी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. मी विमानात लावणार नाही, उतरल्यावर लावीन. माझा आवाज आहे हा, बारशाला जाऊन राहिली, आत्या आहे मी. तो भुंग्याचा आवाज ऐकून रांगेतली माणसं माना वळवून पाहत होती, एका बाईनं तर मोबाईल वर धरला. त्या बाईलाही देवकीनं सुनावलं. मग आणखी एक साहेब आले, त्यांना पुन्हा सगळं सांगितलं. मध्ये पिवळा दिवा लागला तो तिनं पाहिलाच नाही. लाल लागला तेव्हा विमानाची शेवटची हाक झाली होती.

तेव्हा देवकीनं ती लहान पिशवी उचलली आणि साहेबांच्या टेबलावर आदळली.

"ठेवा सगळंच," ती म्हणाली. "तुमच्या घरी बारसं असन तं कामी येईन."

आणि पर्स उचलून ती तरातरा निघून गेली. रागात केलेली गोष्ट कशी पटकन होते, नाही? विमान वर गेल्यावर, कानात दडे बसल्यावर, पाणी पिऊन जरा थंड झाल्यावर तिला कळलं की वायर त्याच पिशवीत होती. जगात एकच असलेली, सुईच्या टोकाची वायर. चार्जर बॅगेत होता, तो आता नुसता खडा. मशीनचा दिवा लाल. आणि साडेबाराला बारसं. स्वतःवर एवढी चिडली होती की शेजारच्या माणसानं खिडकी हवी का विचारलं तरी तिनं डोळे मिटून घेतले.

बंगलोरला उतरल्याबरोबर तिनं दुर्गेशला मेसेज केला. दुर्गेश गुणी माणूस. विमानतळावर परत गेला, विनवण्या केल्या, पिशवी मिळवली. अर्ध्या तासात त्यानं पिशवीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, मिळाली, काळजी करू नको, आणि एक अंगठा. पिशवी नागपुरात, अंगठा नागपुरात, बाई बंगलोरात. देवकीला त्या अंगठ्याला चावावंसं वाटलं.

रजत न्यायला आला होता. गाडीत त्याला फोनवर लिहून सगळं सांगितलं. त्यानं घरबसल्या दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्यांकडून वायरी मागवल्या. घरी पोचेपर्यंत तीन वायरी दारात हजर, आणि तिघींची टोकं तीन तऱ्हेची, एकीलाही सुई नाही. त्यानं बिल्डिंगच्या प्रत्येक मजल्यावर विचारलं. मग स्कूटर काढून बाजारात गेला. देवकीनं मशीन पर्समध्ये ठेवली आणि ठरवलं, आता एक अक्षर बोलायचं नाही. लाल दिव्यात जे काही थेंबभर उरलं असेल ते नावासाठी. आवाज चालतो का हे बघायलासुद्धा बटण दाबायचं नाही.

आणि देवाच्या मनात काय होतं कोण जाणे, नेमकी त्याच दोन तासांत तिला बोलायला भाग पाडणारी सगळी माणसं एका खोलीत जमली होती. शामलाताई समोर आल्या आणि मोठमोठ्यानं, एकेक शब्द तोडून विचारू लागल्या, प्रवास, कसा, झाला? देवकीचा घसा गेला होता, कान नाही. हे तिला सांगायचं होतं. सांगता आलं नाही. एका बाईनं तिला बसायला खुर्ची दिली आणि शेजारणीला म्हणाली, बिचारी. दुसरीनं मशीन कशी असते ते दाखवा म्हणून हात पुढं केला. रोजची देवकी असती तर या खोलीचं कुरुक्षेत्र झालं असतं. आजची देवकी दात आवळून बसली. चिन्मयी जरीकाठी नेसून आली होती, नथ घालून, आणि देवकीला पाहून तिनं ओशाळून मान खाली घातली. तिचा बिचारीचा काही दोष नव्हता. तिला सांगितलं, ती नटून आली.

रजत काही परतला नव्हता. साडेबारा झाले. बायका पाळण्याभोवती जमल्या, बाळाला पाळण्याखालून-वरून देऊन झालं. बाळ उकाड्यानं आणि गोंगाटानं वैतागून रडायला लागलं होतं. देवकीला त्या रडण्यात घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. शामलाताईंनी तिच्या पर्सकडे पाहिलं, मग तिच्याकडे. या वेळी त्या हळू बोलल्या.

"अहो देवकीताई, मशीन चालत नाही ना? मग हट्ट कशाला? पोरगी आधीच रडून राहिली. चिन्मयी सांगेल."

देवकीनं मान हलवली, नाही. आणि ती पाळण्याशी जाऊन उभी राहिली. आता तिला तिथून हलवायचं तर उचलून न्यावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत त्या खोलीत कोणाची नव्हती.

ती वाकली. बाळाचा कान गुलाबी, नखाएवढा. तिनं मशीन गळ्याला टेकवली, एक हात पाळण्याच्या दोरीवर धरला आणि बटण दाबलं. कुर्रर्र झालं. माणसाच्या तोंडून काढायचं ते कुर्र मशीननं आपसूक काढलं, लांब आणि घोगरं. बाळ रडता रडता थांबलं. तोंड उघडं तसंच राहिलं आणि डोळे आवाजाच्या दिशेला वळले. दचकलं नाही, भेदरलं नाही, ऐकायला लागलं. देवकीनं नाव सांगायला ओठ मिटले, आणि मशीन बंद पडली.

तिनं बटण पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. दिवासुद्धा नव्हता.

डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं कोणाला दिसू दिलं नाही. मग मशीन बाजूला ठेवून ती आणखी खाली वाकली, ओठ बाळाच्या कानाला टेकवले आणि आवाजाशिवाय नाव सांगितलं. पहिल्या अक्षराला ओठ मिटून उघडले, तेव्हा त्या बारक्या कानाची कड हलली. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. बाळ गप्प राहून ऐकून घेत होतं.

खोलीत कोणालाच काही कळलं नाही. कोणीतरी विचारलं, झालं का? कोणी म्हणालं, नाव काय ठेवलं पण? रीना सांगायला तोंड उघडणार होती, पण देवकीनं तिला हातानंच थांबवलं. शामलाताई म्हणाल्या, अहो ऐकूच आलं नाही, आणि चिन्मयीकडे वळल्या.

देवकी सरळ उभी राहिली. पर्समधून तिनं लाल मखमली डबी काढली, डबीतून वाटी काढली, आणि ती रीनाच्या नाही, चिन्मयीच्या नाही, शामलाताईंच्या हातात ठेवली. नावाच्या बाजूवर बोट टेकवलं आणि हनुवटीनं खूण केली, वाचा.

शामलाताईंचा चष्मा आत राहिला होता. त्यांनी वाटी हातभर लांब धरली, खिडकीकडे उजेडात नेली, तिरकी केली. बायका त्यांच्या खांद्यावरून डोकावू लागल्या. चांदीवर अक्षरं लख्ख होती, वेलांट्या-मात्रा जागच्या जागी, चष्म्याशिवाय लागावीत अशी.

"भैरवी," शामलाताईंनी वाचलं. मग थांबल्या, आणि खालची ओळ वाचायला त्यांना जरा वेळ लागला. "कानात सांगणारी, आत्या देवकी."

भैरवी, भैरवी, करत नाव खोलीभर फिरलं. रीना हसत-रडत होती. दारात रजत उभा होता, हातात चौथी चुकीची वायर घेऊन. देवकी पाळण्याची दोरी धरून उभी होती. बावीस वर्षं लोक तिनं घातलेली नावं घरी नेऊन फडताळात उपडी ठेवत आले होते. मोठ्यानं कोणी वाचून दाखवलेलं हे पहिलंच नाव. नाव सांगून झालं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे. बायका पुढं सरसावल्या, पण पहिला धपाटा बसला तो शामलाताईंचा, आणि चांगला जोरात बसला.